जुन्या चादरीपासून स्कर्टपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात एका पडद्यामुळे झाली. घर बदललं आणि जुने पडदे नव्या खिडक्यांना आखूड पडले, कापड मात्र छान जाड सुती होतं, टाकवेना. एक पडदा सहज कमरेला लावून पाहिला आणि लक्षात आलं की वरती रॉड घालायला जो नेफा शिवलेला असतो तो तर आयताच तयार आहे आणि खालची पट्टीसुद्धा दुमडलेली आहे! फक्त उंचीला जास्त होता, म्हणून मधूनच आडवी पट्टी कापून काढली, वरचा आणि खालचा भाग जोडला, एका बाजूला उभी शिलाई मारली, नेफ्यात इलॅस्टिक ओवलं आणि दोन तासांत स्कर्ट तयार. मधली जोडाची शिलाई दिसत होती तर तिच्यावर लेस लावली. तो घालून बाहेर गेले तर मैत्रिणींनी विचारलं कुठून घेतलास, आणि त्यांनी आपापल्या घरातलं कापड आणून द्यायला सुरुवात केली. मी आणि वहिनी, एक मशीन, असं आमचं सगळं मग चालू झालं.

पहिले काही महिने फार उत्साहात गेले. मोजमाप सोपं होतं, हिप्सच्या दीडपट ते दुप्पट घेर, उंचीत नेफ्याचे आणि खालच्या दुमडीचे मिळून साधारण तीन इंच जास्त, आणि इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन-तीन इंच कमी. एक इंची इलॅस्टिकला नेफा सव्वा इंचाचा, कारण अगदी मापाचा केला तर इलॅस्टिक आत सरकत नाही आणि फार सैल ठेवला तर आत पिळा पडतो. (पिळा पडू नये म्हणून आम्ही दोन्ही बाजूच्या शिलाईवर इलॅस्टिकसकट एक उभी टीप मारतो. खूप छोटी गोष्ट आहे पण स्कर्ट वर्षभर वापरल्यावर तिचं महत्त्व कळतं.)

मग एक वाईट अनुभव आला. एका ताईंना डबल बेडच्या चादरीचे चार स्कर्ट शिवून दिले आणि त्यातले दोन महिन्याभरात बसण्याच्या जागी फाटून परत आले. शिलाई शाबूत होती, कापडच विरलं होतं. मला रात्रभर झोप नाही लागली कारण ती चादर त्या ताईंच्या आईची होती, दुसरी आणणार कुठून. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे आम्ही खिडकीत उजेडासमोर धरून पाहिले आणि सगळं स्पष्ट दिसलं. चादर सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे माणूस झोपतो तिथे खांद्याखाली आणि कमरेखाली धागे पातळ होतात, आरपार उजेड येतो, आणि कडेचा, पायथ्याचा, गादीखाली खोचलेला भाग जवळजवळ नव्यासारखा घट्ट राहतो. आम्ही मात्र सोयीचं म्हणून बरोब्बर मधूनच कापलं होतं. तेव्हापासून कात्री हातात घ्यायच्या आधी प्रत्येक कापड उजेडासमोर धरायचं, पातळ जागा खडूने आखायच्या, आणि दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी जोरात ताणून बघायचं, चर्र आवाज आला की तो भाग बाद. हे केल्याशिवाय आम्ही आजही कोणाला हो म्हणत नाही.

पण कडेचे घट्ट भाग म्हणजे नुसत्या लांब पट्ट्या, त्यांचा अख्खा स्कर्ट कसा होणार? वहिनी म्हणाली, अगं मग पट्ट्यांचाच कर ना. त्यातून आमचा तीन थरांचा स्कर्ट निघाला आणि आज सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे. हिप्स ४० इंच असतील तर वरच्या थराची पट्टी ४८ इंच लांब, मधला ७२, खालचा १०८, म्हणजे प्रत्येक थर वरच्याच्या दीडपट. वरची पट्टी १२ इंच रुंद कारण तिच्यातच नेफा येतो, बाकीच्या ११, तयार उंची तीसच्या आसपास. सगळ्यात खाली चादरीची मूळ दुमडलेली कड ठेवायची, म्हणजे तळाची दुमड शिवायचं काम वाचतं आणि ती कड सरळही असते.

खालची लांब पट्टी वरच्या पट्टीच्या मापात बसवायला चुण्या घालाव्या लागतात, त्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. टाका सगळ्यात लांब ठेवून पाव इंचाच्या अंतराने दोन समांतर टिपा, दोन्हींचे खालचे म्हणजे बॉबिनचे दोरे एकत्र ओढायचे. एकाच टिपेवर चुण्या काढल्या तर त्या शिवताना आडव्या पडतात आणि मध्येच दोरा तुटला की पहिल्यापासून सगळं. आणि पट्टीचे चार भाग करून चार ठिकाणी पिना लावायच्या, नाहीतर सगळ्या चुण्या एकाच बाजूला गोळा होतात. शिकायला येणाऱ्या मुली इथेच घाई करतात, मी त्यांना उसवायला लावते, मला ते करताना बरं नाही वाटत पण दुसऱ्यांदा त्यांचा हात बसतो.

जुन्या कापडाचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही, ते इतक्यांदा धुतलेलं असतं की आटायचं ते आटून झालेलं असतं. त्यामुळे अस्तर नवीन लावणार असाल तर ते आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि स्कर्ट आतून ओढल्यासारखा दिसतो. सुई चादरीला १४ नंबरची, जाड पडद्याला १६. मागून रबरासारखा थर असलेले उजेड अडवणारे पडदे आम्ही आता घेत नाही, सुईची भोकं त्यात कायमची राहतात आणि उसवण्याची सोयच उरत नाही.

आता आम्ही पाच जणी आहोत, कापडाच्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून शिवणारं ओव्हरलॉकचं मशीनही आलंय. ज्या ताईंचे स्कर्ट फाटले होते त्यांच्या चादरीच्या उरलेल्या पट्ट्या मी जपून ठेवल्या होत्या, त्यात तीन थर बसत नव्हते, म्हणून मधला थर दुसऱ्या साध्या कापडाचा लावला आणि त्यांना नेऊन दिला. परवा त्या पुन्हा आल्या होत्या, हातात एक टेबलक्लॉथ, आणि आत शिरताशिरता स्वतःच म्हणाल्या, आधी उजेडात धरून बघ गं.