तेव्हाचा भाव

शनिवार, रात्री उशिरा

साडेचारशे. चपलांचं दुकान बंद झालं, भाकऱ्या झाल्या, सगळे झोपले, तरी हा आकडा डोक्यातनं जाईना. म्हणून लिहायला बसले.

बाई चांगली होती, हे आधीच लिहून ठेवते. पुण्याची. कोल्हापुरात आल्यावर अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, मग आमची चप्पल लाईन, सगळ्यांची असते तशीच फेरी. सोबत कॉलेजातली लेक. लेकीनं चामड्याची वेणी घातलेली कापशी चप्पल पायात घालून बघितली, दोन पावलं चालून करकर वाजते का ते बघितलं. मी अकराशे सांगितले. बाईनं घासाघीस केली नाही की तोंड वाकडं केलं नाही. मोबाईल काढला, बोटानं बराच वेळ वर सरकवत गेली आणि माझ्यापुढं धरला. "ताई, हा तुमचाच नंबर ना?"

नंबर माझाच. मेसेजही माझाच, जून २०२० मधला. 'अस्सल कोल्हापुरी, फक्त ४५०, घरपोच.' त्यापुढं हात जोडलेले तीन इमोजी. फोटोत आमच्या जिन्याची पायरी, तिच्यावर जोड, आणि कोपऱ्यात यांच्या पायाचा अंगठा आलेला.

"तेव्हाच घ्यायची होती, राहूनच गेली," ती म्हणाली. म्हणजे तेव्हा घेतलीही नव्हती!

राग आला, पण कुणाचा ते कळेना. तिचा म्हणावं तर तिनं काय वाईट केलं? भाव मीच लिहिला होता. पण तो भाव नव्हता हो. लग्नसराईचा म्हणून फेब्रुवारीतच माल भरून ठेवलेला, टाळेबंदीनं शटर खाली, आत कोंदट, आणि पाऊस तोंडावर. चामड्याला हवा लागते, माणसाचा हात फिरावा लागतो, नाहीतर पांढरी बुरशी धरते. मामंजी मागच्या दारानं आत शिरायचे, बॅटरी तोंडात धरून एकेक जोड फडक्यानं पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे. घरी आले की अंगाला तेलाचा आणि चामड्याचा वास. जेवताना बोलायचे नाहीत. तेव्हा मी तो मेसेज टाकला. साडेचारशेत चामडं आणि मजुरीसुद्धा सुटत नव्हती. माल सडण्यापेक्षा कुणाच्या तरी पायात जावा, एवढाच त्यातला हिशेब.

हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला रडगाणं ऐकवू नये, हे मामंजींचंच शिकवणं.

पण मग वाटतं, एवढं लागायचं कारण काय? भाव कमी होता ते एकवेळ चालतं. ते तीन हात कशाला जोडले मी? एक जोडला असता तर नमस्कार झाला असता. तीन म्हणजे पदर पसरल्यासारखं. आणि ते अजून कुणाकुणाच्या फोनात तसेच जोडलेले असणार. आम्ही सावरलो, शटरला नवा रंग दिला, पाटी बदलली, आणि तिकडं कुठं कोथरूडला, कुठं ठाण्याला मी अजून जून २०२० मध्येच उभी आहे.

एकामागून एक किती आलं तेव्हा. २०१९ च्या जूनमध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे मूळ जागेच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालं, मामंजींनी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले. ऑगस्टात महापूर. पुढच्या मार्चात टाळेबंदी. देवळाचं दार बंद म्हणजे आमचं बंद. ते दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, एप्रिलात परत बंद, जुलैत परत पाणी, आणि मग थेट ७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापनेला. त्या दिवशी मी महाद्वार रोडला उभी राहून नुसती माणसं बघत होते.

भाऊजींचं तर काय सांगायचं. दोन वर्षं नाटकाच्या लाईटचं सामान पलंगाखाली, आणि भाऊजी लक्ष्मीपुरीच्या बाजारात कांदे विकत. त्याच महिन्यात २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली, तेव्हा पहिला गडी भाऊजीच. आणि मग २०२४ ची ती ८ ऑगस्टची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि भाऊजी खासबागेच्या बाजूला उजाडेपर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती. हाराची ऑर्डर भाऊजींनीच दिलेली. असो.

लोक म्हणतात, आता तुमचं बरं झालं, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. खरंच नसते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या त्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दिसली, तेव्हा तर कॅमेरेवाले लाईनीत येऊन गेले. तिकडं लाखाच्या वर किंमत म्हणे. सगळे मला विचारत होते, कसं वाटतंय? मी म्हटलं, अभिमान वाटतोय. दुसरं काय म्हणणार. एकजण लाख दाखवतोय, एकजण साडेचारशे, आणि मधे आमचे अकराशे.

गर्दी आली हो, पण चप्पल करणार कोण? सुभाषनगरातली काकी चपलेची वेणी घालायची बंद झाली. सुतासारख्या बारीक कातड्याच्या पट्ट्या ओल्या करून मांडीवर घ्यायची आणि टीव्हीकडं बघत बघत गुंफायची, हाताकडं नजरसुद्धा नाही. काम थांबलं त्या काळात तिची सून गोकुळ शिरगावला एमआयडीसीत लागली. महिन्याचा पगार, रविवार सुट्टी. ती आता कशाला मांडी घालून बसतेय? बरोबरच आहे तिचं.

इथवर लिहून पाणी प्यायला उठले, तर हे जागेच. म्हणाले, मे महिन्यात मालवणला जाऊया का? मला बरं वाटलं. तर पुढं म्हणतात, "त्या खोलीवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडं? टाळेबंदी उठल्यावर त्यानं सातशेत दिली होती की. त्यालाच विचार, तेवढ्यात देतोय का."

मी बघतच राहिले. मग हसू आलं ते आवरेना, तोंडावर पदर धरला, मामंजी उठतील म्हणून. यांना वाटलं, मालवणच्या आनंदानं हसतेय. त्या बिचाऱ्यानंही तेव्हा खोल्यांना बुरशी धरू नये म्हणूनच दिली असणार सातशेत. नंबर आहे माझ्याकडं. फोटोही आहे, खोलीचा, चादरीवर जास्वंद ठेवलेली. विचारणार नाही, असं काही मी म्हणत नाही. मे लांब आहे.

बाईनं शेवटी अकराशेलाच घेतली, हे लिहायचं राहिलंच. मी गप्प बसले, तिनं लेकीकडं बघितलं, लेकीनं पाय सोडवून घेतला नाही, झालं. जाताना म्हणाली, नवीन भावाचा मेसेज टाकून ठेवा, मैत्रिणींना पाठवते. तो आता लिहायचा आहे. इमोजी नको. हाताच्या वेणीला शंभर जास्त, असं स्पष्ट लिहायचं.

पण शंभर जास्त घ्यायचे तर वेणी हाताची हवी. संध्याकाळी काकीला फोन लावला. म्हणाली, "येतो की, दिवाळीपातूर येतो. पर जोडीमागं तीस वाढवून दे बाई. आणि तवाचा दर काढू नगंस, तवा मी गप बसले."

तेव्हा आम्ही तिला किती देत होतो ते वहीत आहे. वही मामंजींच्या कपाटात. सकाळी चहाबरोबर विषय काढते. पहिल्यांदा ते नाहीच म्हणणार.