पोर्तोचा बेत: चढ मेट्रोने, उतार पायी

पोर्तुगालमधल्या पोर्तोची मुख्य ठिकाणं नकाशावर दीड-दोन किलोमीटरच्या घेरात बसतात. ते बघून मुंबईकर एका दिवसात दहा ठिकाणं लिहून काढतो आणि दुपारी तीनपर्यंत गुडघे धरून बसतो. हे शहर दोउरो नदीच्या उभ्या कड्यावर वसलंय. काठावरच्या रिबेइरापासून वरच्या बातालिया चौकापर्यंत जी फ्युनिक्युलर (उभ्या चढावर दोराने ओढली जाणारी गाडी) जाते, ती २८१ मीटरच्या रुळावर ६१ मीटर चढते, म्हणजे साधारण वीस मजली टॉवर. त्यामुळे इथला कार्यक्रम अंतरावर नाही, उंचीवर आखायचा. वर जायला मेट्रो किंवा फ्युनिक्युलर आणि खाली यायला पाय, एवढं सांभाळलं तर आई-बाबांनाही हे शहर जमतं.

तीन रात्री पुरतात: दोन दिवस शहराला, एक दोउरोच्या खोऱ्याला. लिस्बनही जोडायचं असेल तर आल्फा पेंदुलार गाडीने सुमारे तीन तास लागतात. ही गाडी कांपान्या स्टेशनवर थांबते. तिथून लोकलने पाचेक मिनिटांत साओ बेंतोला, म्हणजे थेट जुन्या शहरात उतरता येतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पण उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज कुठे करायचा इथे गोंधळ होतो. सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे. पोर्तोत तीन आणि पॅरिसमध्ये चार रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे जातो, पोर्तुगालचा स्लॉट लवकर मिळतोय म्हणून तिथे टाकायचा नाही. रात्री सारख्याच असतील तर जिथून प्रथम प्रवेश, तो देश.

मुंबईहून पोर्तोला थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन पोर्तोत होतं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर ते तिथेच, मधल्या थांब्यावर. आता शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, त्यामुळे दीड तासाचं कनेक्शन तिकिटावर कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. अडीच तास तरी ठेवा.

हंगामाचं म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडं असतं आणि ऑक्टोबर ते मार्च भिजायचे दिवस. पोर्तो लिस्बनपेक्षा बरंच जास्त ओलं आहे. पावसात ग्रॅनाइटचे उतार शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. गुळगुळीत तळव्याचे बूट घरीच ठेवा. २३ जूनच्या रात्री साओ जोआओचा उत्सव असतो. रस्त्यात सार्डिन भाजले जातात, अनोळखी माणसं एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे मारतात, मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. गर्दी आवडत असेल तर खोली फार आधी घ्या, नसेल तर ती तारीखच टाळा. हॉटेलच्या बिलात शहराचा पर्यटक कर माणशी रात्रीला ३ युरो वेगळा लागतो. हॉटेलवाल्याशी वाद घालू नका, तेरा वर्षांखालची मुलं सोडली तर तो सगळ्यांनाच असतो.

विमानतळावरून ई लाइनची मेट्रो अर्ध्या तासात त्रिंदादला आणते. तिथे डी लाइन पकडली की पुढे साओ बेंतो. तिकीट म्हणजे आंदांते कार्ड, माणशी एक. घरचे चौघे एका कार्डावर जाऊ शकत नाहीत. तिकिटाचा प्रकार झोनवर ठरतो: विमानतळ ते शहर झेड-४, शहरातल्या शहरात झेड-२. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारच्या फेऱ्या राहतात, इथेच लोक अडकतात. उतरल्यावर झेड-४ची एकच फेरी भरा. ती संपली की झेड-२ भरता येतात आणि परतीच्या दिवसाआधी त्या संपवून टाका. फाटक बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून कार्ड टेकवायचं राहून जातं. गाडी बदलतानाही ते पुन्हा टेकवायचं असतं. तपासनीस आला तर ‘माहीत नव्हतं’ चालत नाही.

पहिल्या दिवशी डी लाइनने पूल ओलांडून जार्दिं दो मोरोला उतरा. ही मेट्रो दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाते. १८८६ साली खुल्या झालेल्या या पुलाची कमान १७२ मीटरची आणि आराखडा आयफेलचा जुना भागीदार तेओफिल सेरिगचा. शेजारच्या सेर्रा दो पिलार मठाच्या गच्चीवरून अख्खं शहर दिसतं. तिथून गाया, म्हणजे नदीपलीकडच्या गावाच्या काठावर उतरा, खालच्या मजल्यावरून पायी पूल ओलांडा, रिबेइरात पोचा. फोटो मात्र गायातूनच काढा: रिबेइराचं तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागे आणि घरांवर असतं. उलट काढलेत तर समोरून ऊन येऊन गाया काळवंडतं.

पोर्ट वाइनची गोदामं गायातच का, याचं उत्तरही त्याच दिशेत आहे. काठ उत्तरेकडे तोंड करून असल्याने थंड, शिवाय समुद्राची दमट हवा. आंबणं अर्ध्यात असताना द्राक्षाचा स्पिरिट घालून ते थांबवतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. टूर साधारण तासाभराची असते. दिवसाला एकच ठेवा, दुपारी चढ चढायचाय हे लक्षात घेऊन.

दुसऱ्या दिवशी वरून सुरुवात. क्लेरिगुश मनोरा, मग लेलो हे पुस्तकांचं दुकान. त्याचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि पुस्तक घेतलंत तर ती रक्कम वजा होते. सकाळचा पहिला स्लॉट न मिळाल्यास मी म्हणेन सोडून द्या, आत पुस्तकांपेक्षा मोबाइल जास्त दिसतात. त्याऐवजी साओ बेंतो स्टेशनच्या दालनात वेळ द्या. जोर्ज कोलासोने रंगवलेल्या सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशा आणि प्रवेश फुकट. समुद्र बघायचा असेल तर जुनी ट्राम महाग पडते आणि रांगही लांब. ५०० नंबरची बस नदीकाठानेच फोझपर्यंत जाते, आंदांतेवर.

शाकाहारींनी जेवणाआधी विचारलेलं बरं. काल्दो वेर्द हे हिरव्या भाजीचं सूप दिसायला निरागस, पण त्यात बहुतेकदा सॉसेजच्या चकत्या असतात. बसल्याबसल्या टेबलावर येणारे पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. कार्डाने पैसे देताना मशीन रुपये की युरो विचारतं, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो.

खोऱ्यासाठी साओ बेंतो किंवा कांपान्याहून पिन्यांवची गाडी, सुमारे अडीच तास. जागा राखीव नसते, म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला आहे. रेल्वेचे संप तिथे नवे नाहीत. आदल्या रात्री ‘ग्रेव्ह’ (greve, म्हणजे संप) हा शब्द बातम्यांत शोधा आणि हा दिवस विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. परतीच्या गाड्यांच्या वेळापत्रकाचा चढण्याआधीच फोटो काढून ठेवा, कारण संध्याकाळच्या गाड्या मोजक्याच आहेत. तिकडे घेतलेली बाटली चेक-इन बॅगेतच घाला. माणशी दोन लिटरपर्यंत मुंबईत कस्टम लागत नाही.