मावशींच्या नाकावरचं बोट

एक बोट मावशींच्या नाकावर सात वेळा आपटलं. मग थोडं खाली सरकलं, परत वर आलं, आणखी चार ठोके. त्यानंतर पान बंद.

रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी जळगावात खोलीवर रेकॉर्डिंग बघत बसलो होतो. छोट्या विक्रेत्यांची ऑनलाइन दुकानं लावून देणं हा माझा धंदा. माल त्यांचा, मांडणी माझी. दुकान सुरू झालं की मी त्यात क्लॅरिटी नावाचं मायक्रोसॉफ्टचं एक फुकट साधन बसवतो. गिऱ्हाईक पानावर कसं फिरलं, कुठे थांबलं, कुठे बोट लावलं, हे त्यात सिनेमासारखं दिसतं. माणूस दिसत नाही, नाव नाही, नंबर नाही, नुसता एक ठिपका पळत असतो. जिथे बोट लावून काहीच उघडत नाही त्याला डेड क्लिक म्हणतात. तेच चिडून भराभर लागलं तर रेज क्लिक. दुकानाच्या पानावरच्या फोटोत मावशींच्या नाकावर रेज क्लिक होते, आणि ते एकाच गिऱ्हाइकाचे नव्हते. त्या आठवड्यात नऊ जणांनी तेच नाक ठोकलं होतं.

मावशी अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या. बिबडे, कुरडया, उडदाचे आणि नागलीचे पापड असं वाळवण करून विकतात. सुनेनं हट्टानं ऑनलाइन दुकान काढायला लावलं आणि काम माझ्याकडे आलं. तीन महिने झाले होते. लोक येत, बघत, जात. ऑर्डरी बोटांवर मोजाव्यात इतक्या, त्यातल्या दोन माझ्या आत्याच्या.

दुकान मात्र देखणं होतं, हे मी आजही म्हणेन. वर पडदाभर मावशींचा हसरा फोटो, हातात बिबडा. चार सेकंदांनी तो सरकून दुसरा येई, मग तिसरा. खाली मावशींची गोष्ट, मोकळी जागा सोडून. मग फक्त सहा वस्तू. मावशींच्या घरात तेवीस प्रकार होतात, पण मला जॅमचा प्रयोग पाठ होता ना! शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा, २००० साली छापून आलेला. दुकानात चोवीस जॅम चाखायला ठेवले तेव्हा थांबणाऱ्यांपैकी शंभरात तिघांनी खरेदी केली, सहाच ठेवले तेव्हा शंभरात तिसांनी. म्हणून मी मावशींचे सतरा प्रकार घरीच बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेकडे जाणारी गाडी धरून अमळनेर गाठलं. तिथून रिक्षा. गावात शिरेपर्यंत साडेआठ वाजले असतील, पण ऊन अकराचं होतं. चैत्राच्या शेवटी खानदेशात ऊन घड्याळ पाळत नाही.

अंगणात निंबाखाली सात-आठ बाया बसल्या होत्या. तीन दिवस भिजवून भरडलेल्या ज्वारीचा घाटा पहाटेच चुलीवरून उतरला होता. तीळ, जिरं, लसूण, मिरचीचा वास सगळीकडे. खाटांवर ओली धोतरं अंथरलेली आणि त्यांवर ओल्या बोटांनी थापलेले बिबडे, ओळीने. मावशींनी आधी वाटीत गरम घाटा आणि वरून तेल दिलं. 'आधी खा, भाऊ. काम पळून जात नाही.'

खाता खाता मी नाकाचं सांगितलं. बाया हसून लोळल्या. मावशींच्या जेठाणी म्हणाल्या, 'माले दे तो मोबाइल.'

त्यांचे हात घाट्याने भरलेले. त्यांनी करंगळी पदराला पुसली आणि तिच्या पेराने पान ढकलायला सुरुवात केली. मोबाइलची मांडणी अभ्यासणाऱ्या स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यात, बसथांब्यावर, बसमध्ये १,३३३ लोक मोबाइल वापरताना न्याहाळले होते. त्यातले जे पडद्याला बोट लावत होते, त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास, ४९ टक्के, एकाच हाताने काम चालवत होते. हे वाचून मी काय केलं होतं? टोपलीचं चिन्ह वर उजव्या कोपऱ्यात ठेवलं होतं, कारण सगळे तिथेच ठेवतात. जेठाणींची करंगळी त्या कोपऱ्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

त्या झरझर खाली गेल्या, पार तळापर्यंत. मी लिहिलेली मावशींची गोष्ट, मोकळी जागा, सगळं दोन फटक्यांत मागे पडलं. मग तितक्याच झपाट्याने वर. मला वाटलं, कंटाळल्या. पण पुन्हा खाली जाताना वेग कमी झाला आणि प्रत्येक फोटोवर करंगळी थबकू लागली. ही चाल कुठेतरी पाहिलेली होती. आठवडे बाजारात माझी आई आधी रिकाम्या पिशवीने एक फेरी मारते, कुणाशी भाव करत नाही, काही उचलत नाही. पिशवी दुसऱ्या फेरीत उघडते. रेकॉर्डिंगमध्ये ठिपका तळाशी जाऊन वर येताना मी शेकडो वेळा पाहिला होता आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, गिऱ्हाईक हरवलं. ते हरवलं नव्हतं, पहिली फेरी मारत होतं.

लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये नजरेचा माग घेऊन सांगितलं होतं की वेबवरचा मजकूर वाचताना डोळा इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाने फिरतो. वर आडवा, मग थोडा खाली परत आडवा, मग डाव्या काठाने सरळ खाली. मावशींच्या गोष्टीची पहिली ओळ मी त्या हिशोबाने घासूनपुसून लिहिली होती. पण तो माग मजकुराचा आहे, आणि जेठाणी मजकूर वाचायला आल्याच नव्हत्या.

वर सरकणाऱ्या फोटोवर त्या दुसऱ्यांदा पोचल्या, बोट लावणार तेवढ्यात फोटो बदलला. 'पळी गयं!' पुन्हा मावशींचा फोटो यायची वाट पाहिली. आला. त्यांनी दोन बोटांची चिमूट करून तो मोठा करायचा प्रयत्न केला. होईना. मग बोटाने ठोकलं. एकदा, दोनदा, पाचदा.

'आठे तं बाई हासी राहिनी,' त्या वैतागून म्हणाल्या, 'माल कोठे शे?'

आणि शेजारच्या खाटेवरून आदल्या दिवशीचा वाळलेला एक बिबडा उचलून त्यांनी उन्हाकडे धरला. बिबड्यातून ऊन आलं. तांबूस, मध्ये तिळाचे काळे ठिपके, काठाला अगदी पारदर्शक. एका जागी गाठ होती, ती डागासारखी दिसली. 'असं पाहतात,' मावशी मला समजावू लागल्या. 'जाड असला तर तळल्यावर मध्ये कच्चा राहतो. गाठ असली तर तिथे फुलत नाही. घेणारी बाई पहिलं हेच पाहील.'

मी मोबाइल परत हातात घेतला. पडद्याच्या रुंदीत फोटो बसवताना दोन्ही बाजू कापल्या गेल्या होत्या आणि मावशींच्या हातातला बिबडा अगदी त्यांच्या नाकाला चिकटला होता. नऊ जणांनी नाक ठोकलंच नव्हतं. बिबडा उन्हाकडे धरायचा ते प्रयत्न करत होते आणि मी त्यांचे हात बांधून ठेवले होते.

बांधले होते हे अक्षरशः खरं. पानाच्या कोडात माथ्याला एक ओळ असते, ती टाकली की चिमटीने पान मोठं करता येत नाही. मांडणी विस्कटू नये म्हणून मी ती टाकली होती. आयफोन २०१६पासून त्या ओळीला भीक घालत नाही, आणि मी तपासतो आयफोनवर. मावशींचं बहुतेक गिऱ्हाईक अँड्रॉइडवालं.

मग अंगणातल्या सगळ्यांनीच माझी परीक्षा घेतली. एकीनं शोधायच्या चौकटीत 'बिबडे' लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. कारण मी वस्तूचं नाव ठेवलं होतं 'हातवळणी ज्वारी क्रिस्प्स'. हे नाव मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, ती माझ्या धंद्यातली सर्वांत लाजिरवाणी दोन मिनिटं. दुसरीनं विचारलं, किलोत नग किती बसतात? मी 'एक पॅक' असं लिहून शेजारी किंमत टाकली होती. वजन होतं, कायद्याने लागतंच, पण पार खाली बारीक अक्षरांत.

मावशींची भाची पुण्याला नोकरी करते, ती सुटीत आली होती. ती रोज ऑनलाइन घेणारी. मी तिला म्हटलं, हे दुकान सोड, तू एरवी कशी घेतेस ते दाखव. तिने एका मोठ्या बाजारपेठेच्या अ‍ॅपवर पापड विकणारा कुठला तरी विक्रेता उघडला. पाच चांदण्यांची मतं तिने बघितलीही नाहीत. थेट एका चांदणीवाल्यांकडे गेली, तीही वाचली कमी आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फुटक्या पापडांचे फोटो पाहिले जास्त. मग विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवून त्याचा बाकीचा माल उघडला. पापडांच्या खाली मोबाइलची कव्हरं, त्याखाली पायपुसणी.

'गेला,' ती म्हणाली. 'ज्याच्याकडे पायपुसणी आहेत त्याच्या घरी पापड होत नाहीत.'

'आणि फक्त सहाच वस्तू असल्या तर?'

'मग वाटतं, हासुद्धा दुसऱ्याकडून आणून विकतो. वाळवण करणाऱ्या घरात सहाच कसं होईल?'

जॅमचा प्रयोग तिथेच अंगणात आडवा झाला. तसा तो आधीच डळमळीत होता. २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांची एकत्र बेरीज मांडली गेली, तेव्हा जास्त पर्यायांचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. मी तेही वाचलेलं होतं. पण सहा वस्तूंचं पान दिसतं छान.

भाचीने शेवटी अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर शोधला, तो तळाशी राखाडीवर राखाडी होता. मग पडद्याचा फोटो काढून आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 'घ्यायचं का ते आई ठरवणार,' म्हणाली. म्हणजे माझं पान ज्यांनी कधी उघडलंच नाही अशा किती आयांनी ते नापास केलं असेल!

दुपारी लॅपटॉप उघडून निंबाखालीच बसलो. फोटो नव्याने काढले: एक बिबडा उन्हाकडे धरलेला, एक मावशींच्या पंजाशेजारी म्हणजे आकार कळावा, एक तळलेला मोडून, एक अख्खी खाट. नाव 'बिबडे', आणि शोधात बिबड्या, बिबडी, शिवाय रोमन लिपीत लोक जे जे लिहितात ते सगळं. वजन आणि नग एकाच ओळीत, किमतीला लागून. तेवीसच्या तेवीस प्रकार. सरकणारे फोटो काढून टाकले. मागवायचं बटण खाली, अंगठ्याजवळ. मावशींचा हसरा फोटो परवान्याच्या नंबराशेजारी नेला, तिथे तो जास्त कामाचा वाटला.

एकाच गोष्टीवर वाद झाला. मावशी म्हणाल्या, तुकडा पहिल्या ओळीत लावा, अर्ध्या भावात. मी म्हटलं, मावशी, फुटका माल दारात कोण मांडतं? त्या म्हणाल्या, 'तुकडा वेगळा विकणारी बाई अख्ख्याच्या पाकिटात तुकडा भरत नाही, हे घेणारीला कळतं.' मला अजून हे पटलेलं नाही. पण दुकान त्यांचं.

रात्री परतीच्या गाडीतच नवं रेकॉर्डिंग पाहिलं. एक ठिपका तळापर्यंत गेला, वर आला, तुकड्यापाशी क्षणभर थांबून बिबड्यावर आला. उन्हाकडचा फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला, आणि काठाकाठाने सावकाश फिरला, थेट जेठाणींच्या करंगळीसारखा. मी गाडीच्या दारात उभा राहून श्वास धरला होता. ठिपका बटणापर्यंत आला आणि पान बंद झालं.

धरणगाव गेलं असेल नसेल, सुनेचा निरोप आला. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, बिबड्यात लसूण आहे का, आमच्याकडे सासूबाई लसूण खात नाहीत. तेवीस प्रकारांपैकी एकाखालीही मी लसणाचं लिहिलं नव्हतं. सुनेने खाली मावशींचं उत्तरही पाठवलं होतं, आवाजातच: लसूण आहे, पण सासूबाईंसाठी बिनलसणाचा एक घाणा गुरुवारी वेगळा काढते, किती किलो पाहिजे ते सांग.