सावली मोजल्याशिवाय सोलर नको

पुण्यात धायरीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत खाली दुकानं, वर माझं शिवणकामाचं युनिट. गच्ची 2,000 चौरस फूट. सोलरवाला मे महिन्यात आला आणि 20 किलोवॉटचं कोटेशन देऊन गेला. किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट, हिशोब बरोबर. पण मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावली दिवस असतो! सूर्य दुपारी थेट डोक्यावर. त्या दिवसांत कुठली सावली दिसणार?

मी डिसेंबरपर्यंत थांबले. तेव्हा भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवरच असतो. दक्षिणेकडच्या इमारतीची आणि आमच्याच टाकीची सावली खडूनं आखली. सकाळी दहा, दुपारी एक, चार. कामाची जागा उरली 1,200 चौरस फूट, म्हणजे 12 किलोवॉट.

पुण्यात किलोवॉटला वर्षाच्या सरासरीनं रोज 4 युनिट वीज धरावी. पावसाळ्यात बरेच कमी. वर्षाला साडेसतरा हजार युनिट झाले. आमची मशिनं दिवसाच चालतात, त्यामुळे बहुतेक वीज तिथल्या तिथे वापरली जाते. माझ्या मते व्यवसायासाठी हाच खरा मुद्दा. स्थिर आकार (वीज किती वापरली यावर न ठरणारी रक्कम) मात्र बिलात राहतोच, म्हणून खर्च भागिले अख्खं बिल असं गणित मांडू नका. प्रधानमंत्री सूर्यघर या सरकारी सोलर योजनेचं अनुदानही घरांनाच आहे. आपल्याला मिळतो तो 40 टक्के घसारा, म्हणजे सोलरच्या उरलेल्या किमतीचा तेवढा भाग दरवर्षी करासाठी नफ्यातून वजा होतो, तोही करपात्र नफा असेल तरच.

माझे पैसे चार वर्षांत सुटतील असं दिसतंय. पॅनेल 25 वर्षांचे, पण त्यांची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागेल, तो खर्च मी आत्ताच धरलाय. पुढच्या आठवड्यात काम सुरू.