सडानोंदी: उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे

या वेळी मुद्दाम सप्टेंबरअखेर धरली. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कोरलेली कातळशिल्पं बघायची तर दिवाळीनंतर या, असं जाणकार सांगतात. गवत वाळतं, शेवाळ जातं, रेषा मोकळ्या होतात. पण तोवर सड्यावरची फुलं संपलेली असतात. मला फुलं आणि चित्रं दोन्ही एकाच फेरीत हवी होती. शनिवारी रत्नागिरी तालुका, रविवारी राजापूर, आणि दोन्ही दिवस वाट दाखवायला गावातलाच माणूस.

उक्षीच्या कोरलेल्या हत्तीला गावकऱ्यांनी जांभ्याचं कुंपण केलंय, त्यामुळे शोधाशोध नाही. ऊन तिरपं असतानाच पोचलो. चराच्या एका कडेला सावली, दुसरीला उजेड, त्यामुळे सोंडेपासून शेपटीपर्यंत रेघ सलग लागली. ऊन डोक्यावर आलं की तोच हत्ती कातळात विरतो. दुपारची वेळ म्हणून मी आता जेवण आणि प्रवासालाच ठेवतो.

खरा वेळ गेला तो जांभरुणला. माणसं, मासे, चतुष्पाद असे एकाच पटावर. एरवी सड्यावर माती नावालाच, पण चरांमध्ये पावसाने चिमूट चिमूट आणून टाकलेली. त्या मातीत निळी-जांभळी सीतेची आसवं उभी! एका चित्राची कड तर फुलांनीच आखल्यासारखी दिसत होती. ओहळाने उपटून टाकलेलं त्यातलंच एक रोप भिंगाखाली धरलं. या झाडाला खरी मुळं नसतातच. धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी पडदा, आत पाण्याचा दाब कमी. एखादा सूक्ष्म जीव तोंडाजवळच्या केसांना लागला की पडदा उघडतो आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. डोळ्याला काही कळायच्या आत खेळ खलास. जांभ्यावरच्या त्या चिमूटभर मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून ही शिकार. शेजारी गेंदाच्या फुलांचे पांढरे गोंडे आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी रोपंही होती, पण वहीतली पानं पिशव्यांनीच खाल्ली.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. जमिनीवर उभं राहून एवढं चित्र नजरेत मावत नाही, त्यात गवत गुडघ्याला. वाटाड्या काकांनी काठी घेतली, चरात पाय न टाकता कडेकडेने चालत गेले. "आता वळलो, हा पाय. इथून सोंड." मी मागून कागदावर रेघ ओढत गेलो. ड्रोनच्या फोटोंपेक्षा मला हत्ती असा जास्त समजला. परतताना कशेळीच्याच कनकादित्य या सूर्यमंदिरात दर्शन घेतलं.

देवाचे गोठणेला होकायंत्र हवंच. आडव्या माणसाच्या आकृतीवर ठेवलं की सुई बावचळते, थोडं बाजूला नेलं की ताळ्यावर येते.

ही चारही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळही आहे. पण असल्या कातळाची जमीन सातबाऱ्यावर पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून, मोडते, आणि जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींची यंत्रं तिथेच आधी पोचतात. चित्राभोवती कुंपण घालणं ठीकच, पण चराबाहेरचा सडा गेला तर पाणी कुठून येणार, माती कुठून येणार? गावोगावच्या वाटाड्यांना हे कळतं. आपल्यातल्या छायाचित्रकारांना मात्र अजून सांगावं लागतं की रेषेत खडू भरू नका. उजेड कमी पडला तर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, रेघ आपोआप उठते. चित्रावर जाताना बूटही काढा.

पुढची फेरी डिसेंबरात, कुडोपीला. दीपकाडी हे सड्यावरचं दुर्मीळ फूलझाड पावसाच्या सुरुवातीलाच फुलून जातं, त्यामुळे ती या खेपेला नव्हतीच. तिच्यासाठी जून राखून ठेवलाय. कुणी आधी गेलात तर कुठल्या सड्यावर दिसली तेवढं फक्त मला कळवा, चारचौघांत नको.