ब्रेकला पाय लावला आणि थरथर थांबली

गाडी आली ती निदान सोबत घेऊनच. "आधीच्या गॅरेजमध्ये सांगितलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल," मॅडम म्हणाल्या. ऑटोमॅटिक गाडी दिसली की निम्म्या मेकॅनिकांना गिअरबॉक्सशिवाय दुसरं काही सुचत नाही. गाडी हलते? गिअरबॉक्स. झटका देते? गिअरबॉक्स. उरलेले निम्मे ऑइल बदलून "चार दिवस चालवून बघा" म्हणतात. मी स्वतःला या दोन्हींत धरत नव्हतो.

तक्रार अशी: 60-70च्या वेगात, पाय हलका असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. आणि जरा चढ लागला की पाचवा-चौथा-पाचवा असा गिअर घुटमळत राहतो.

उभ्या गाडीत ब्रेक दाबून ड्राइव्हला टाकली. इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते माउंटिंग गेलेलं असलं तर कंप इथेच हाताला लागतो आणि न्यूट्रलला कमी होतो. तसं काही नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर, थरथर चालू असताना, क्षणभर न्यूट्रल केलं. दोष टायरचा किंवा बॅलन्सिंगचा असता तर इंजिन सुटल्यावरही थरथर राहिली असती. राहिली नाही.

मग माझी आवडती परीक्षा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एक पंखा ऑइल फेकतो आणि त्या जोरावर दुसरा फिरतो. वेग जमला की आतला क्लच दोघांना जखडून टाकतो, त्याला लॉकअप म्हणतात. ब्रेक पेडलच्या स्विचचा सिग्नल गेला की हा क्लच सुटतो. म्हणून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्याने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. केला. थरथर गायब. पुन्हा केला, पुन्हा गायब. लॉकअपचा क्लच घसरतोय, ठरलं. हे मी इतकी वर्षं असंच ठरवत आलोय.

मॅडमना म्हटलं, आधी ऑइल बदलू, फरक पडला नाही तर कन्व्हर्टर. ऑइल मात्र मी नीट केलं. खालचा बोल्ट काढून जेवढं पडतं तेवढं भरलं म्हणजे ऑइल बदललं असं नाही, बरंचसं जुनं कन्व्हर्टरमध्येच बसून असतं. तीनदा काढलं, तीनदा भरलं, मध्ये गाडी चालवली. लेव्हलही कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, जास्तीचं ऑइल धारेवरून थेंबांवर येईपर्यंत थांबून घेतली. हे एवढं कुणी करत नाही. पण फरक शून्य पडला.

दुसऱ्या ट्रायलला गॅरेजमधला पोरगा स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. त्याला सांगितलं, थरथर आली की स्लिपचा आकडा मोठ्याने वाच. स्लिप म्हणजे इंजिनचे फेरे आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे फेरे यांतला फरक. थरथर आली.

"उस्ताद, शून्य."

"नीट बघ."

"दोन. शून्य. तीन. शून्य."

मी चिडलो, गाडी बाजूला घेऊन स्कॅनर हातात घेतला आणि त्यालाच चालवायला लावली. पोरगा बरोबर होता. क्लच घसरत-धरत असता तर आकडा वरखाली नाचला असता. हा क्लच घट्ट धरून होता आणि गाडी तरीही थरथरत होती.

स्कॅनरवर मिसफायरचं पान उघडलं. मिसफायर म्हणजे मिसिंग, सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकणं. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा थरथरीबरोबर चढत होता, बाकी तिन्ही गप्प. चेक लाइट लागावी इतकं मिसिंग नव्हतं, म्हणून डॅशबोर्ड स्वच्छ. कमी फेरे आणि वर लोड, अशा वेळी सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कुठे गळती असली तर तिथूनच ते निसटतं. प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ, उभी. प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलच्या रबरी बुटाच्या आत तिचीच जोड रेघ. ठिणगी आत जायच्या ऐवजी या वाटेने बाहेरून उतरत होती. खात्रीसाठी कॉइल आणि प्लग पहिल्या सिलिंडरला लावले, आकडा पहिल्यात चढायला लागला.

नवीन प्लग, नवीन कॉइल. थरथर गेली. गिअरचं घुटमळणंही गेलं, कारण इंजिन अडखळलं की चालवणारा नकळत पाय दाबतो आणि गिअरबॉक्स बिचारा खाली उतरतो.

मग ब्रेकने थरथर का थांबत होती? क्लच सुटला की मध्ये ऑइलची गादी येते, इंजिनचे फेरे वाढतात, लोड उतरतो. मिसिंग कमी होतं आणि उरलेल्या मिसिंगचे धक्के ऑइल गिळून टाकतं. म्हणजे माझी परीक्षा दोन्ही आजारांना एकच उत्तर देते. हे मला कळायला हवं होतं.

गॅरेजच्या कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या एका गाडीचा कन्व्हर्टर पडून आहे. तक्रार हीच होती, ब्रेकची परीक्षा केली, कन्व्हर्टर बदलला, गाडी छान झाली, मालक खूश होऊन गेले. काल जॉबकार्ड शोधून काढलं. गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर म्हणून चारी प्लग आणि कॉइलही त्याच दिवशी नवीन टाकले होते.

तो कन्व्हर्टर कापून आतल्या क्लचचं लायनिंग खरंच झिजलं होतं का ते बघायचं ठरवलंय. कटर अजून हातात घेतलेला नाही.