मधल्या सुट्टीतली बाई

मधली सुट्टी होती. खिचडी खाऊन मुलं पांगली होती आणि मी खिडकीशी बसून पोषण आहाराचं रजिस्टर भरत होते. बाहेर पोरींचा शाळा-शाळा खेळ रंगला होता. एकीनं ओढणीची साडी गुंडाळली होती, हातात पट्टी. ती 'बाई' झाली होती. म्हणजे मीच.

"काय रे, धाकट्या भावाला येतं आणि तुला येत नाही? लाज वाटते का? जा, त्याच्या ओळीत जाऊन बस!"

दुसरी-तिसरी आमच्याकडे एकाच खोलीत, त्यामुळे ही शिक्षा सोयीची. वाक्य माझंच होतं, मंगळवारचं. मान झटकणंही माझंच. पण खरं लागलं ते वेगळंच. 'ढ' मुलाचं काम करायला त्यांनी मंगळवारी मी ज्याला बोलले होते त्यालाच बोलावलं होतं, आणि तोही कान धरून हसत उभा होता. जणू कायमची नेमणूक.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातलं कलम १७ आम्हा शिक्षकांना पाठ, पण अर्धंच : मारायचं नाही. शारीरिक शिक्षेच्या जोडीला त्यात 'मानसिक त्रास'ही आहे, आणि कलम मोडलं तर सेवानियमांनुसार कारवाई. छडी मी केव्हाच चुलीत घातली होती, चारचौघांत मिरवायचेही. तिचं काम जिभेनं उचललं, हे ध्यानातच आलं नाही. वळ शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना दिसतो. हे कुणाला दिसणार? पालक तर उलट म्हणतात, "बाई, चांगला बडवा, आमची तक्रार नाही."

टोमणे बंद केले तेव्हा पहिले काही दिवस वर्ग अक्षरशः डोक्यावर बसला. एका शब्दात खोली गप्प करायची सवय लागलेली. आता प्रत्येकाच्या जवळ जावं लागे. पाय दुखायचे.

तशीच एकदा त्या 'ढ' ठरलेल्या मुलाजवळ बसले. ४२ वजा १७. उत्तर लिहिलं होतं ३५.

"सातातून दोन गेले, पाच," तो म्हणाला.

"दोनातून सात का नाही?"

"बाई, तुम्हीच म्हणलेला. मोठ्यातून लहान वजा करायचं."

म्हटलं होतं खरं. पहिलीत.

मी काड्यांचा गठ्ठा सोडून त्याच्यापुढे ठेवला. मागे गलका चालूच होता. मुख्याध्यापक दारात आले. "बाई, बाजार भरलाय का?"

"वजाबाकी चाललीय, सर," म्हटलं आणि काड्या मोजू लागले.